भरलेल्या जखमेची पट्टी

एका नगरात एकदा असं घडलं, की एका वृद्ध वैद्यांनी पूर्ण बऱ्या झालेल्या हाताला नवी पट्टी बांधली. बरं, एकदा चूक झाली म्हणावं, तर तसंही नाही. लागोपाठ सात सोमवार ते त्या धडधाकट हाताला लेप लावत राहिले आणि गाठ मारत राहिले.

या वैद्यांना सारं नगर वैद्यबुवा म्हणे. पंचाहत्तरी उलटलेली, बोलणं मोजकं, हात मात्र अजून स्थिर. त्यांच्यापाशी विश्वंभर नावाचा शिष्य सहा वर्षं विद्या घेत होता. बुद्धी तल्लख, पाठांतर चोख. कोणत्या व्याधीला कोणतं पथ्य, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी तो न अडखळता सांगे. दोष म्हणाल तर एकच होता, आणि तो तुमच्या-आमच्यातही काही कमी नाही. आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्याला ऐकवलं, की आपलं कर्तव्य संपलं, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती.

त्याच नगरात तांबट आळी होती. सकाळपासून हातोड्यांचा असा ठणठणाट, की परका माणूस दोन घटकांत कानावर हात ठेवून पळेल. तिथले रावजीशेट म्हणजे नावाजलेले कारागीर. हंडा असो, घंगाळ असो, त्यांच्या हातून गेलेलं भांडं नातवंडांपर्यंत टिके. एके दिवशी भट्टीतून काढलेला पत्रा निसटला आणि त्यांचा डावा हात कोपराखाली चांगलाच भाजला. ते वैद्यबुवांकडे आले. बुवांनी लेप लावला, पट्टी बांधली आणि दर सोमवारी दाखवायला सांगितलं.

रावजीशेटच्या गालात पहाटेपासून निजेपर्यंत तंबाखूची गोळी असे. ती काही लपून राहण्यासारखी गोष्ट नव्हती. पण दुसऱ्या सोमवारी लेप झोंबला, त्यांनी कळवळून तोंड वासलं, आणि गालाच्या आतल्या अंगाला एक पांढरा चट्टा दिसला. वैद्यबुवांनी तो पाहिला. शेजारी खल घेऊन बसलेल्या विश्वंभरानेही पाहिला. रावजीशेटनी झटकन तोंड मिटलं आणि मान दुसरीकडे वळवली.

असा चट्टा विश्वंभराने पूर्वी पाहिला होता. ज्या मामांनी त्याला लहानाचा मोठा केला, त्यांच्या तोंडात. प्रथम चट्टा, मग गाठ, मग व्रण. शेवटच्या महिन्यात मामांना पातळ पेजही गिळवत नव्हती. विश्वंभर वैद्यकी शिकायला आला तो त्या पेजेच्या वाटीपायी.

आता बुवा रावजीशेटना खडसावतील, अशी त्याची अपेक्षा होती. बुवांनी गाठ मारता मारता एवढंच विचारलं, "रावजीशेट, तंबाखूविषयी दोन शब्द बोलू का आज?"

"आज नको, वैद्यबुवा."

"बरं. पुढच्या सोमवारी या."

पुढच्या सोमवारी तेच झालं, त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. बुवा विचारायचे, रावजीशेट नको म्हणायचे, बुवा बरं म्हणायचे. जणू देवळात जाता-येता घंटा वाजवावी, इतकं ते सवयीचं झालं. विश्वंभर मात्र आतल्या आत धुमसत होता. रोग समोर दिसतो आहे, औषध ठाऊक आहे, आणि आपले गुरू रोग्याची परवानगी मागत बसले आहेत. विहिरीत पडणाऱ्याला कोणी विचारतं का, की बाबा रे, हात धरू का म्हणून?

पाचव्या सोमवारी पट्टी सुटली, तेव्हा खाली जखम नव्हतीच. कातडी नवी, गुलाबी, निरोगी. बुवांनी त्यावर बोट फिरवलं, लेप लावला आणि स्वच्छ फडकं घेऊन पुन्हा पट्टी बांधली. रावजीशेट हात पुढे करून निमूट बसले होते. सहावा सोमवार, सातवा, आठवा. विश्वंभराला वाटलं, बुवांची नजर गेली. म्हातारपण कोणाला चुकलं आहे. त्याने एकदा आडून सुचवून पाहिलं, "बुवा, हात बरा दिसतो आता."

"अजून काही दिवस जपायला हवं," बुवा म्हणाले, आणि औषधाच्या पुड्या बांधू लागले.

अकरा सोमवार झाले. बाराव्याच्या आदल्या दिवशी बुवांना दूरच्या गावी एका अत्यवस्थ रोग्याकडे जावं लागलं. जाताना त्यांनी विश्वंभराला सांगितलं, "उद्या रावजीशेट येतील. मी करतो तसंच कर. काही अधिक नको, काही उणं नको." विश्वंभराने मान डोलावली. खरं तर तो या दिवसाचीच वाट पाहत होता.

सोमवारी रावजीशेट आले, पण एकटे नव्हते. बरोबर परगावचे एक तांबट गृहस्थ होते. रावजीशेटच्या मुलीचं, सगुणाचं, त्यांच्या मुलाशी जमत आलं होतं. पत्रिका जुळल्या होत्या, लग्नाच्या याद्या व्हायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. होणाऱ्या व्याह्यांचा गुडघा दुखत होता, म्हणून रावजीशेट त्यांना मोठ्या अगत्याने घेऊन आले होते. पडवीत आणखी पाच-सात माणसं आपापली पाळी धरून बसली होती.

विश्वंभराने पट्टी सोडली. नितळ हात सगळ्यांना दिसला. तो म्हणाला, "रावजीशेट, जखम सात आठवड्यांपूर्वीच भरली आहे. ही पट्टी कशाला बांधून हिंडता? खरा रोग हाताला नाही, तोंडात आहे. गालाच्या आत पांढरा चट्टा पडलाय, तो मी या डोळ्यांनी पाहिलाय. तंबाखू आजच्या आज सोडली नाहीत, तर वर्षभरात त्या जागी व्रण होईल. अन्न जाणार नाही, पाणी जाणार नाही." मग तो थांबेचना. तंबाखूने कोणते दोष प्रकुपित होतात, कोणता धातू क्षीण होतो, ते सगळं त्याने क्रमवार ऐकवलं. शास्त्र म्हणून त्यातला एक शब्द चुकीचा नव्हता. आणि आवाज असा चढला होता, की रस्त्यावरून जाणारेही क्षणभर थांबले.

रावजीशेटनी अंगरख्याची बाही खाली ओढली. होणारे व्याही मात्र बसल्या जागीच हातभर सरकले आणि थोड्या वेळाने म्हणाले, "गुडघ्याचं काय, पुढे कधी बघू." दोघं उठून गेले. विश्वंभराला मात्र त्या दिवशी समाधानाने जेवण गेलं. सत्य सांगितल्याचं समाधान ते.

बुवा परतल्यावर त्याने सगळं सांगितलं, जरा अभिमानानेच. बुवांनी ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग दिसला नाही. ते फक्त म्हणाले, "सोमवारी बघू."

सोमवारी रावजीशेट आले नाहीत. त्याच्या पुढच्या सोमवारीही नाहीत. त्या दिवशी रोग्यांची रांग संपली, दुपार कलली, तरी बुवा जेवायला उठेनात. दाराकडे तोंड करून बसून राहिले. तांबट आळीतून आलेल्या एका बाईने बातमी आणली होती, की सगुणाचं ठरत आलेलं मोडलं. बापाच्या तोंडात रोग आहे, घराण्यात काय काय असेल, असं म्हणून त्या लोकांनी नकार कळवला.

विश्वंभर बुवांच्या पायाशी बसला. "बुवा, मी खोटं काही बोललो नव्हतो."

"नव्हतास," बुवा म्हणाले.

"मग तुम्ही इतके दिवस काय करत होतात? बऱ्या हाताला पट्टी बांधत होतात. मला वाटलं, तुम्हाला दिसत नाही."

बुवा म्हणाले, "विश्वंभर, हात कोणाचा होता?"

"रावजीशेटचा."

"आपला हात बरा झालाय हे त्यांना कळत नव्हतं, असं वाटतं तुला? त्या हाताने ते रोज हंडे पेलत होते. मग तांबट आळीपासून इथवर दर सोमवारी काम टाकून ते का येत होते?"

बुवांनी शेजारची पट्टीची गुंडाळी उचलून त्याच्या हातात दिली.

"अरे, माणूस भाजलेला हात घेऊन वैद्याकडे येतो. तंबाखू घेऊन कोणी येत नाही. त्याची लाज वाटते, धाक वाटतो, आणि सुटणार नाही याची खात्री असते. त्यांना विचारलेलं हवं होतं. हो म्हणायचं बळ अजून येत नव्हतं, पण कोणी विचारायचं थांबू नये, एवढी इच्छा होती. हात बरा झाल्यावर त्यांना यायला निमित्त उरलं नसतं, मला विचारायला निमित्त उरलं नसतं. म्हणून मी बांधत राहिलो आणि ते बांधून घेत राहिले. आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त तुला, आणि तू ते चारचौघांत बोलून दाखवलंस."

"पण बुवा, तो चट्टा वाढत असला तर? अकरा आठवडे वाट पाहणं बरोबर होतं का?"

बुवांनी डोळे मिटले. "तेच मला रात्रंदिवस खात होतं. खोटं कशाला बोलू? त्यांनी तोंड दाखवलं असतं तर कळलं असतं, की अजून किती वेळ हातात आहे. बळजबरीने तोंड उघडता येतं रे, पण उघडलेल्या तोंडात पुन्हा तंबाखू जाऊ नये, हे बळजबरीने होत नाही. मी चुकत असेन. तुझी घाईही मला कळते. त्या दिवशी तू रावजीशेटशी बोलत नव्हतास, तुझ्या मामांशी बोलत होतास. त्यांना जे सांगायचं राहिलं, ते रावजीशेटवर ओतलंस."

विश्वंभर लहान मुलासारखा रडला. बुवांनी त्याला रडू दिलं. मग म्हणाले, "आता मी तिकडे गेलो, तर त्यांना आणखी ओशाळवाणं होईल. मोडलंस तू, जोडायला तूच जा. कसं जोडायचं ते मला विचारू नकोस. मला ते येत नाही."

दुसऱ्या दिवशी विश्वंभर तांबट आळीत गेला. काय बोलायचं ते त्याने वाटेत दहादा घोकलं होतं. रावजीशेटच्या दुकानाच्या पायरीशी पोचल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. रावजीशेटनी मान वर केली, त्याला पाहिलं आणि पुन्हा हातोडा चालू केला. गालात गोळी होतीच. सगुणाने आतून पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि न बोलता निघून गेली. तिच्याकडे बघायची विश्वंभराला हिंमत झाली नाही.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "शेट, माझ्यामुळे तुमच्या लेकीचं मोडलं. मी माफी मागायला आलोय."

"मागून झाली?" रावजीशेट म्हणाले.

"झाली."

"मग या आता."

तो परत आला. पण दोन दिवसांनी दवाखान्यातलं काढ्याचं पातेलं घेऊन पुन्हा गेला. त्याची कड कित्येक वर्षांपासून चेपलेली होती. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. रावजीशेटनी पातेलं फिरवून पाहिलं, पोचा काढला आणि परत केलं. चकार शब्द नाही. पुढच्या आठवड्यात विश्वंभराने कडी निखळलेलं घंगाळ नेलं. त्यानंतर बुडाला भोक पडलेला हंडा. दर खेपेला तो पायरीवर बसे आणि काम बघे. तंबाखूचं नावही काढत नसे. दात-ओठ आवळून गप्प बसावं लागे त्याला. त्या गालाआड काय चाललं असेल, या विचाराने त्याचा जीव टांगणीला लागे. बोलण्यापेक्षा न बोलण्याला किती बळ लागतं, ते त्याला त्या पायरीवर कळलं.

बघता बघता त्याला काही गोष्टी दिसू लागल्या, ज्या पोथीत नव्हत्या. पत्रा मठारताना, म्हणजे बारीक ठोके देत त्याला आकार आणताना, रावजीशेटचा जबडा प्रत्येक ठोक्याला घट्ट मिटे. चार-पाचशे ठोके झाले, की ते थांबत आणि नवी चिमूट मळत. एकदा विश्वंभराने सहज विचारलं, "जबडा दुखत नाही का हो?"

रावजीशेटनी प्रथमच नीट उत्तर दिलं. "दातावर दात आपटतात. मग रात्री कानशिलं ठणकतात. माझ्या बापाने मला बाराव्या वर्षी पहिली गोळी दिली ती यासाठीच. म्हणाला, दाढेखाली धर, हादरा लागणार नाही."

विश्वंभर ऐकतच राहिला. सहा वर्षं तो तंबाखूचे दोष पाठ करत होता. हा माणूस ती का खातो, हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

असे सात-आठ आठवडे गेले. दवाखान्यात दुरुस्त करण्याजोगं एकही भांडं उरलं नाही. विश्वंभराने फडताळं धुंडाळली, अडगळ उपसली. शेवटी बुवांच्या रोजच्या वापरातला, जराही ओरखडा नसलेला तांब्या उचलला आणि तोच घेऊन गेला.

रावजीशेटनी तांब्या हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला, बोटाच्या पेराने वाजवून पाहिला. "याला काय झालंय?"

विश्वंभर म्हणाला, "काही नाही."

"मग आणलात कशाला?"

"यायला दुसरं काही उरलं नव्हतं."

रावजीशेट कितीतरी वेळ त्या तांब्याकडे पाहत बसले. शेजारच्या दुकानांतले हातोडे चालू होते. यांचा मात्र थांबलेला. मग त्यांनी तांब्या जवळ ओढला, लहान हातोडी घेतली आणि त्या निर्दोष भांड्यावर हलक्या हाताने ठोके द्यायला सुरुवात केली. दुरुस्त करायचं काही नव्हतंच. विश्वंभर समजला, आणि बसून राहिला.

ठोके थांबले. रावजीशेट उठले, बाहेर जाऊन गालातली गोळी थुंकून आले, चूळ भरली आणि त्याच्या समोर बसले. खाली बघत म्हणाले, "वैद्यबुवा काय ते विचारायचे ना दर खेपेला. ते तुम्ही विचारा."

विश्वंभराने विचारलं, "शेट, तंबाखूविषयी दोन शब्द बोलू का?"

"बोला. पण आधी बघून घ्या, बोलण्यात अर्थ उरलाय का ते. मला सहा महिने झोप नाही. आरशात बघायची छाती होत नाही." त्यांनी आतल्या दाराकडे नजर टाकली. "पोरीचं लग्न कधी ना कधी होईल हो. त्या पंगतीत मला चार घास जातील ना, एवढंच सांगा."

आणि त्यांनी स्वतःहून उजेडाकडे मान केली आणि तोंड उघडलं.

विश्वंभराने पाहिलं. बोट घालून कडा चाचपल्या. चट्टा होता, मोठा होता, पण अजून मऊ होता. गाठ झाली नव्हती, गळ्याखाली काही लागत नव्हतं. तो म्हणाला, "वेळ आहे, शेट." रावजीशेटनी तोंड मिटलं आणि दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला.

त्या दिवशी विश्वंभराने एकही दोष मोजून दाखवला नाही, एकही धातू ऐकवला नाही. "दिवसातली कोणती चिमूट सोडायला सगळ्यांत सोपी?" एवढं विचारलं. रावजीशेट म्हणाले, दुपारच्या जेवणानंतरची. तिथून सुरुवात ठरली. ठोके देताना दाढेखाली धरायला त्याने मऊ सुती घडी करून दिली आणि मधूनमधून चघळायला ज्येष्ठमधाची कांडी. दर आठवड्याला तोंड बघायचं ठरलं. मधे दोनदा जुनी सवय उसळून आली, आणि दोन्ही वेळा रावजीशेट स्वतः येऊन सांगून गेले. वर्ष लागलं. चट्टा पुसट होत गेला.

ज्या दिवशी रावजीशेटनी तोंड उघडलं, त्या संध्याकाळी विश्वंभर धावत परत आला होता. बुवा अंगणात बसले होते. त्याने सांगितलं, "बुवा, त्यांनी विचारा म्हटलं. आणि वेळ आहे."

बुवांनी हात जोडले. कोणाला, ते त्यांनाच ठाऊक. मग म्हणाले, "यापुढे सोमवारचे रोगी तू बघ." विश्वंभराने सहा वर्षं या वाक्याची वाट पाहिली होती. आता ते कानी पडल्यावर त्याला आनंदापेक्षा भीतीच अधिक वाटली, आणि बुवांना ती त्याच्या चेहऱ्यावर दिसली. ते प्रसन्न हसले.

नाडी बघणाऱ्या, सुई टोचणाऱ्या, मलमपट्टी करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी एवढंच धरावं: समोरचा माणूस जे दाखवायला आला आहे ते नीट बघा, आणि जे दाखवायला धजत नाही त्याविषयी दर भेटीत एकदा, हलक्या आवाजात, त्याला विचारून बोला.